विज्ञानातील बदल कसा अभ्यासावा?



विज्ञान बदलत जाते, हे आपण वर्गात शिकवतो. परंतु तो बदल कसा झाला हे कोणत्या पद्धतीने ठरवायचे, हे सहसा सांगत नाही. या पद्धतींचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील. उदाहरण आपल्या दारातलेच घेतो.

वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट चढते. वरच्या लेण्यात सातवाहनांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात यज्ञांतील दानदक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ साली या अंकचिन्हांवर लेख प्रसिद्ध केला.

पहिला प्रकार पुराव्याचा. जे कोरले आहे तेवढेच वाचायचे. येथे २४,४०० ही संख्या वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन चिन्हांनी लिहिली आहे. शून्य नाही, स्थानिक किंमतही नाही. तेव्हा शून्य नाणेघाटात जन्मले असे कोणी अभिमानाने म्हटले, तर दगडच त्याला खोटे पाडतो.

दुसरा प्रकार कल्पनेच्या वाढीचा. शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चारशे होत. पण दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे लागत. स्थानावरून किंमत ठरू लागल्यावर नऊ अंक व शून्य पुरेसे झाले. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने शून्याच्या गणिताचे नियम मांडले. मात्र आजचे उत्तर ठाऊक असल्यामुळे जुनी माणसे त्याच दिशेने निघाली होती असे समजू नये.

तिसरा प्रकार सामाजिक. ज्ञान कोणी, कशासाठी, कोणत्या वाटेने नेले? नाणेघाट हाच मुळी कोकणातील बंदरांकडून जुन्नरकडे जाणारा व्यापारी मार्ग. भारतीय अंकांवर नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन रूपांतर युरोपात पोचले. ही पद्धत प्रसार समजावते. पण कल्पना मुळात कशी सुचली, हे केवळ व्यापारावरून कळत नाही.

म्हणून तिन्ही पद्धती हव्यात. सगळे आमच्याच पूर्वजांनी शोधले, किंवा त्यात आमचे काहीच नाही, यांपैकी एक वाक्य ऐकत आपली मुले मोठी होतात. दोन्ही वाक्ये अभ्यासाचे दार बंद करतात. ‘हे कशावरून?’ असे विद्यार्थ्याने निर्भयपणे विचारावे आणि शिक्षकाने त्याचे स्वागत करावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.