कोळ्याचा पत्ता

या व्याख्यानाचा विषय फलकावर लागल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय : कोळी अंगावरून गेला की फोड येतात, ते खरं ना? तेव्हा आधी तेवढं मिटवून टाकू.

पावसाळ्यात रात्री दिव्याभोवती जे किडे जमतात, त्यांत मुंगीसारखा दिसणारा, काळा-नारिंगी, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा एक भुंगेरा असतो. पेडेरस त्याचं नाव. तो चावत नाही, डसतही नाही. मानेवर वळवळलं म्हणून झोपेत आपणच त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक रस कातडीवर पसरतो. गंमत अशी की आग लगेच होत नाही. लाल पट्टा उमटून फोड यायला एक-दोन दिवस जातात. तोवर भुंगेऱ्याचा मागमूस उरलेला नसतो, आणि छताच्या कोपऱ्यात मात्र कोळी निवांत बसलेला असतो. मग काय, केरसुणी त्याच्यावर! (हशा) नागिणीचे फोडही कधीकधी त्याच्याच नावावर जमा होतात. ते तर विषाणूचं काम.

कोळ्याला विष नसतं असं मी म्हणणार नाही. एखादं-दुसरं कुळ सोडलं तर सगळ्यांना असतं. पण ते माशी-डासाच्या मापाचं, आणि बागेतल्या बहुतेक कोळ्यांचे दात आपल्या कातडीत धड रुततही नाहीत. मुठीत दाबला किंवा कपड्यात अडकला तर एखादा मोठा कोळी चावेल आणि थोडा वेळ चुरचुरेल, इतकंच. सह्याद्रीच्या रानात झाडांच्या ढोलीत राहणारे केसाळ टॅरेंट्युला वेगळे. त्यांचा दंश फार दुखतो, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता ओळखायचं कसं? जगात कोळ्यांच्या 50,000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्यात. नावं पाठ करायच्या फंदात पडू नका. कोळी कुठे बसलाय आणि कसा बसलाय एवढं बघा, निम्मी ओळख तिथेच होते.

पाऊस ओसरतोय. उद्या सकाळी कुंपणाच्या जास्वंदीत डोकावा. गोल जाळ्याच्या मधोमध, डोकं खाली करून, आठ पाय दोन-दोन जोडून फुली मारल्यासारखी एखादी बसलेली दिसेल. पोटावर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे. ही सिग्नेचर स्पायडरची मादी. पायांच्या रेषेत तिने पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी भरलेली असते. ही नक्षी किडे भुलावेत म्हणून, की पाखरांनी जाळं चुकवावं म्हणून, यावर अभ्यासकांची अजून जुंपलेली आहे. तुम्ही जाळ्यावर हलकी फुंकर घाला. ती अंगावर धावून येत नाही. अख्खं जाळं गदागदा हलवायला लागते, इतकं की तिचं अंग पुसट दिसू लागतं. तिचा सगळा धाक एवढाच. जाळ्याच्या कडेला एक बारकासा, फिका कोळी दिसला तर तो तिचं पिल्लू समजू नका. यजमान आहेत ते. (हशा)

तगरीच्या फुलावर मधमाशी बराच वेळ हललीच नाही तर फूल अलगद कलतं करून पाहा. पाकळ्यांच्या रंगाचा खेकडा कोळी तिची मान धरून बसलेला असेल. त्याला जाळं लागत नाही, फूल पुरतं. मधमाशीबद्दल वाईट वाटतं, मलाही वाटतं. कोळ्याला उगाच संत ठरवण्यात अर्थ नाही. तो डास खातो तसं फुलपाखरूही खातो.

भिंतीवर टुणकन उडी मारून, मग वळून तुमच्याकडे रोखून बघणारा तो उड्या मारणारा कोळी. समोरचे दोन मोठे डोळे फार तल्लख असतात. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या यांच्यातल्याच एका नव्या जातीला 2021 मध्ये शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं : आयसियस तुकारामी.

सोबत राहायचं म्हणजे काय करायचं? फारसं काहीच नाही. फवारणी मात्र आवरा. भातशेतीत हे अनेकदा दिसून आलंय : औषधाने तुडतुड्यांआधी त्यांना खाणारे कोळी मरतात, तुडतुडे पुन्हा वाढतात आणि आधीपेक्षा जास्त होतात. कुंडीतल्या मावा-माशीचंही गणित याहून निराळं नाही. दिवाळीच्या साफसफाईत छताची धुळकट जळमटं खुशाल काढा, त्यांत बहुधा कोणी राहतही नसतं. कुंपणातलं जाळं वाटेत येत असेल तर काठीने एका बाजूचे धागे सोडवा. बाई रातोरात दोन हात पलीकडे नवं विणतील.

राहता राहिला न्हाणीघरातला तो हातभर वाटणारा, चपटा, तपकिरी कोळी. त्याला पाहून किंचाळतात सगळे, पण तो झुरळं खातो. पोटाखाली पांढरी चपटी चकती धरलेली दिसली तर ती मादी, आणि ती चकती तिच्या अंड्यांची पिशवी. तिला चपलेने मारू नका. रुंद तोंडाचा डबा वरून ठेवा, खालून जुनी लग्नपत्रिका सरकवा आणि अंगणातल्या लाकडांच्या ढिगाशी नेऊन सोडा. डबा उघडताना तोंड आपल्याकडे नको. ती फार जोरात पळते.