मत आहे, मतदान नाही

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे काढले आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन घालून लोकलमध्ये, बसमध्ये, नाहीतर भांडी घासताना ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

मागच्या काही भागांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच विचारलं. "ताई, तुम्ही अमेरिकेत राहता. तिथल्या बंदुका, गर्भपात, स्थलांतरित यांच्यावरून जी भांडणं चालतात, त्यात तुम्ही नक्की कुठल्या बाजूच्या?" आजवर मी टाळत आले. आज सांगते.

आधी माझी परिस्थिती सांगायला हवी, कारण मतं तिच्यातूनच आलीत. मी मूळची साताऱ्याची. न्यू जर्सीत बरीच वर्षं नोकरी करते. एच-वन-बी व्हिसावर आले, ग्रीन कार्डच्या रांगेत उभी आहे. एका देशाच्या लोकांना वर्षाला एकूण ग्रीन कार्डांच्या सात टक्क्यांपेक्षा जास्त द्यायची नाहीत असा इथला नियम आहे. देश लहान असो की भारताएवढा, टक्केवारी तीच. त्यामुळे आपली रांग हलतच नाही. आमच्या घरात तीन माणसं, नवरा, मी आणि मुलगी. त्यातला नागरिक एकच, वय वर्षं आठ. [हसते] म्हणजे मला इथं मत आहे, पण मतदान नाही.

बंदुका

मुलगी पहिलीत असताना एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, आज आम्ही अंधारात गप्प बसायचा खेळ खेळलो." मला आधी कळलंच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. न्यू जर्सीत प्रत्येक शाळेला महिन्यातून एकदा आग लागल्यावर काय करायचं त्याचा सराव घ्यावा लागतो, आणि एकदा सुरक्षेचा. दार आतून बंद, दिवे बंद, खिडकीपासून लांब कोपऱ्यात बसायचं. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं, याची ती तयारी. बाईंनी मुलं घाबरू नयेत म्हणून त्याला खेळ म्हटलं होतं.

14 डिसेंबर 2012 ला कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. ती मुलं सहा-सात वर्षांची होती. 24 मे 2022 ला टेक्ससमध्ये युवाल्डीला 19 मुलं आणि 2 शिक्षिका. तिथं तर पोलीस तासाहून जास्त वेळ वर्गाबाहेर थांबून राहिले. "चांगल्या माणसाच्या हातात बंदूक असली की वाईट माणूस थांबतो" हे वाक्य मला त्या दिवसापासून ऐकवत नाही.

म्हणजे मी सगळ्या बंदुका काढून घ्या म्हणणारी का? नाही. माझ्या ऑफिसात एक सहकारी आहे, पेनसिल्व्हेनियातल्या खेड्यातला. त्याच्या भागात हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की शाळांना सुट्टी असते. आपल्याकडे बेंदराला असते तशी समजा. त्याच्या घरी बंदूक कपाटात कुलपात, गोळ्या दुसऱ्या कपाटात, किल्ली तिसरीकडे. त्याला मी गुन्हेगाराच्या रांगेत बसवणार नाही. शिवाय अमेरिकेत लोकांकडे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. त्या सगळ्या गोळा करू म्हणणारा स्वतःलाच फसवतोय.

आणखी एक गोष्ट, जी रील्समध्ये कधी येत नाही. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने जवळपास 49,000 माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. शाळेतला गोळीबार बातमीत येतो, पण घरातल्या कपाटातली बंदूक रात्री दोन वाजता कुणीतरी स्वतःवर चालवतो, त्याची बातमी होत नाही. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बंदूक विकत घेताना प्रत्येकाची चौकशी व्हावी. आज केंद्राच्या कायद्याने परवानाधारक दुकानदाराला ती करावी लागते, पण दोन माणसांनी आपापसांत व्यवहार केला तर अनेक राज्यांत नाही लागत. घरात मूल असेल तर कुलूप सक्तीचं. आणि माणूस धोक्याच्या मनःस्थितीत असेल तर कोर्टाच्या हुकमाने काही दिवस बंदूक बाजूला ठेवता यावी. यात दुसऱ्या घटनादुरुस्तीचा कुठला अपमान होतो, ते मला अजून कुणी पटवलेलं नाही.

गर्भपात

हे बोलायला मला जड जातंय. मुलगी व्हायच्या आधी दोन वर्षं माझं एक मूल गेलं. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके थांबलेले दिसले. डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले. वाट बघा, गोळ्या घ्या, नाहीतर क्युरेटिंग. मी तिसरा घेतला. दोन तासांत घरी आले, खूप रडले, आणि शरीराने बरी झाले.

तेव्हा मला माहीत नव्हतं की हीच गोळी आणि हीच शस्त्रक्रिया गर्भपातालाही वापरतात. 1973 च्या रो विरुद्ध वेड निकालाने अमेरिकेत गर्भपाताचा हक्क दिला होता, तो 24 जून 2022 ला सुप्रीम कोर्टाने काढून घेतला आणि प्रश्न राज्यांवर सोडला. टेक्ससमध्ये डॉक्टरने कायदा मोडला तर 99 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आता नीट सांगते, कारण इथं दोन्हीकडून फेकाफेकी चालते. ठोके थांबले असतील तर मूल काढायला तिथला कायदाही बंदी करत नाही. म्हणजे माझ्यासारख्या बाईला कागदावर तिथंही उपचार मिळायला हवेत. अडचण येते ती ठोके चालू आहेत, पण गर्भ वाचणार नाही आणि आईला जंतुसंसर्ग होतोय, अशा वेळी. "आईचा जीव पुरेसा धोक्यात आलाय का?" हे डॉक्टरने ठरवायचं, आणि ठरवताना डोळ्यांसमोर तुरुंग.

असं झालं की काय होतं, ते आपल्या लोकांनी आधी पाहिलंय. सविता हालप्पनवार. बेळगावकडची, दातांची डॉक्टर, आयर्लंडमध्ये राहणारी. 2012 मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तिने गर्भपात मागितला. ठोके चालू आहेत म्हणून नाकारला. जंतुसंसर्गाने ती गेली, वय 31. त्यानंतर 2018 मध्ये आयर्लंडच्या लोकांनी सार्वमत घेऊन कायदा बदलला. 66 टक्के लोक बदलाच्या बाजूने होते. एका देशाने बाई गमावल्यावर जे शिकलं, ते दुसऱ्याने पुन्हा शून्यापासून का शिकायचं?

म्हणून मी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूची आहे. पण माझ्या इथल्या मैत्रिणींना एक गोष्ट खटकते ती पण सांगते. त्या म्हणतात, "बाईची निवड, विषय संपला." मी महाराष्ट्रातून आलेय. मला माहीत आहे की सोनोग्राफी करून मुलगी आहे कळल्यावर "निवड" कोण करायचं. सासू करायची, नवरा करायचा, सही मात्र बाईची. म्हणूनच 1988 मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिल्यांदा कायदा केला. तेव्हा निवड म्हटलं की मी विचारते, कुणाची? आणि आठव्या-नवव्या महिन्यात काही वैद्यकीय कारण नसताना कायद्याने मर्यादा घातली, तर मला त्यात अन्याय दिसत नाही. आपल्याकडे 1971 पासून कायदा आहे, तो 20 आणि ठरावीक बाबतींत 24 आठवड्यांची मर्यादा घालतो. तोही परिपूर्ण नाही. आपल्याकडे तो बाईचा थेट हक्क नाहीच, डॉक्टरचं मत लागतं. पण तिथं निदान डॉक्टर तुरुंगाच्या भीतीने हात बांधून बसत नाही.

मेरिट आणि आपण

29 जून 2023. सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रकरणात सांगितलं की प्रवेश देताना अर्जदाराचा वंश विचारात घ्यायचा नाही. त्या रात्री आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो. "आता आपल्या मुलांना न्याय मिळणार."

मुळात एक गैरसमज दूर करूया. अमेरिकेत आपल्यासारख्या राखीव जागा नव्हत्या. त्या 1978 मध्येच कोर्टाने बंद केल्या होत्या. इतर गोष्टींबरोबर वंशही बघता येत होता, एवढंच. आणि आशियाई मुलांची तक्रार खोटी होती असंही मी म्हणणार नाही. त्यांना "व्यक्तिमत्त्वा"साठी सरासरीने कमी गुण मिळत होते, हे खटल्यात समोर आलं. ते चूकच. पण त्याच कॉलेजांत वडील तिथं शिकले म्हणून मुलाला झुकतं माप मिळतं, देणगीदाराच्या मुलाला मिळतं. त्याला त्या निकालाने हात लावला नाही. त्यावर आमच्या ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही.

मी पण पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हेच बोलायचे. मी ओपनमधली. कॅन्टीनमध्ये चहा पीत "मेरिट, मेरिट" करायचे. माझ्या वडिलांनी माझ्या क्लासची फी भरली होती, अभ्यासाला वेगळी खोली होती, घरात तीन पिढ्या शिकलेल्या. त्याला मी मेरिट म्हणत होते. इथं आल्यावर माझ्या बॉसने माझं नाव ऐकून, उच्चार ऐकून माझी हुशारी ठरवली, तेव्हा मला माझं कॅन्टीन आठवलं.

आणि मग इतिहास वाचला. 1923 मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या शीख माणसाला, ज्याने अमेरिकी सैन्यात नोकरी केली होती, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तू गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही. 1946 च्या कायद्यानंतर वर्षाला भारतातून किती माणसं येऊ शकत होती माहितीये? शंभर. दार खरं उघडलं ते 1965 च्या कायद्याने, आणि तो कायदा आला कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीच्या लाटेवर. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, आणि आपण व्हिसा घेतला.

आपल्या माणसांना हे नातं फार आधी कळलं होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये "गुलामगिरी" अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना मुक्त करायला मदत केली. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले, ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. इतकं सगळं आपल्या घरात असताना आपण पेढे कशाचे वाटतोय? वंशापेक्षा गरिबी बघून मदत द्या म्हटलं तर मी ऐकेन, चर्चा करेन. पण कुठलीच मदत नको, फक्त आमचं मेरिट, हे मला आता तोंडातून काढता येत नाही.

शेवटचं

आता घरातल्या एकमेव नागरिकाकडे येते. 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे इथं जन्मलेलं मूल नागरिक होतं. 20 जानेवारी 2025 ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला की यापुढे तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या मुलांना ते मिळणार नाही. खालच्या कोर्टांनी तो अडवला, भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. माझ्या मुलीला तो लागू नव्हता. पण माझ्याच व्हिसावरची, त्या वर्षी बाळंत होणारी एक मैत्रीण आठवडाभर झोपली नाही.

गंमत म्हणजे ग्रुपवर काही जण या आदेशाचंही समर्थन करत होते. "बेकायदा घुसणाऱ्यांसाठी आहे हो ते, आपल्यासाठी नाही." आदेशात आपलाही उल्लेख आहे हे कळल्यावर ग्रुप दोन दिवस शांत. मी त्यांना हसत नाही, मंडळी. मी पण कॅन्टीनमध्ये तेच केलं होतं. नियम दुसऱ्यासाठी आहे असं वाटतं तोवर आपण फार कडक असतो.

तर मी कुठल्या बाजूची? बंदुकीवर डाव्यांना मी थोडी उजवी वाटते, मेरिटवर आमच्या ग्रुपला फारच डावी, आणि गर्भपातावर दोघांनाही थोडी चुकलेली. इथं दोन पक्षांनी मतांची पुडकी बांधून ठेवलीत. एक घेतलं की बाकीची चार त्यातच येतात. मला ते पुडकं नको. एकेक वस्तू बघून घेईन, आपण मंडईत घेतो तशी.

मुलीला मतदान करायला अजून दहा वर्षं आहेत. ती माझ्याविरुद्ध मत देईल कदाचित. चालेल. फक्त का दिलं ते तिला सांगता यायला हवं.

तुमचं मत वेगळं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांपेक्षा लहान. शिव्या सोडून बाकी सगळं ऐकते. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.