मोठा कटर जिथे पोहोचत नाही

जालना म्हटले की सळईच्या मिल आणि बियाण्यांच्या कंपन्या आठवतात. या उद्योगांना लागणारे साचे आणि डाय मात्र सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. जालन्याहून साधारण 60 किलोमीटरवर, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. साचेकामाचे आणि सीएनसीचे प्रशिक्षण तिथे मिळते. तिथून बाहेर पडलेल्या प्रोग्रॅमरला पुढे एक प्रश्न वारंवार पडतो: रेस्ट मशिनिंग कधी द्यायचे?

समजा, पेरणी यंत्राच्या बियाणे-पेटीचे झाकण प्लॅस्टिकमध्ये काढायचे आहे. साच्याच्या आतल्या कोपऱ्यांची त्रिज्या 3 मिलिमीटर. रफिंग, म्हणजे सुरुवातीचे ढोबळ कोरणे, 20 मिलिमीटर व्यासाच्या कटरने झपाट्याने उरकते, पण तो कोपऱ्यात 10 मिलिमीटरची गोलाई सोडतो. फिनिशिंगचा थर वेगळा धरला, तरी काटकोनी कोपऱ्यात कर्णाच्या दिशेने जवळपास 3 मिलिमीटर पोलाद उरते. ते काढायला बारीक कटर साच्याच्या सगळ्या खिशात, म्हणजे पोकळीत, फिरवला, तर तो बराच वेळ नुसता हवेत फिरेल. रेस्ट मशिनिंगमध्ये सॉफ्टवेअर आधीच्या कटरने काय उरवले ते मोजते आणि तेवढ्याच जागी पाथ देते.

पण त्यासाठी 20 च्या कटरवरून थेट 5 च्या कटरवर उडी मारणे धोक्याचे. बाहेर निघालेली लांबी आणि जोर तेवढाच ठेवून कटरचा व्यास निम्मा केला, तर तो सोळापट वाकतो. खोल कोपऱ्यात अचानक जास्त माल समोर आला की बारीक कटर तुटलाच. मध्ये 10 मिलिमीटरचा कटर घातला, तर कर्णावर एका मिलिमीटरहून कमी उरते. मग 5 चा कटर तिथे निर्धास्त जातो. 3 त्रिज्येला बरोबर 6 चा कटर बसतो खरा, पण कोपऱ्यात तो घट्ट अडकून थरथरतो.

सॉफ्टवेअरचा हिशेब आधीच्या कटरच्या माहितीवर चालतो. रफिंगला ऑपरेटरने 20 ऐवजी 16 चा कटर लावला, तर रेस्टचा पाथ हवेतच जास्त फिरेल. 25 चा लावला, तर कटरसमोर अपेक्षेपेक्षा जाड माल येईल. दुसरी चूक महाग पडते. तेव्हा रफिंगचा कटर किंवा त्याने सोडायचा थर बदलला की रेस्टचा पाथ पुन्हा काढावा.

उथळ खिसा, मोठ्या गोलाईचे कोपरे आणि पहिलाच कटर सगळीकडे पोहोचतो, अशा जॉबवर मात्र रेस्ट मशिनिंग देऊच नये. कटर बदलण्यातच वेळ जातो.