‘हुशार आहे, पण...’

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



‘हुशार आहे हो, पण लक्ष नाही.’ हे वाक्य ज्यांनी शाळेत शिक्षकांसमोर बसून ऐकलंय, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. आमच्या चिरंजीवांना एडीएचडी आहे आणि सध्या ते प्रायव्हेट हायस्कूलमध्ये अकरावीत आहेत. इथे अमेरिकेत दिवाळीचे दिवस म्हणजे शाळांच्या ओपन हाऊसचे दिवस. अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात, म्हणून फराळाच्या गडबडीतच हा विषय काढते.

पैसे मोजले म्हणजे शाळा जास्त लक्ष देणार, असं आपण धरून चालतो. वर्ग लहान असतात हे खरं. पण कायद्याच्या बाजूने चित्र उलटं आहे. पब्लिक शाळेत पात्र मुलाला ‘आयडिया’ या केंद्रीय कायद्याखाली आयईपी मिळतो, नाहीतर १९७३ च्या कायद्यातल्या कलम ५०४ खाली सवलती मिळतात. त्या पाळल्या नाहीत तर दाद मागता येते. आपण स्वतःहून मुलाला प्रायव्हेट शाळेत घातलं की आयईपीचा हक्क मागेच राहतो. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळांना कलम ५०४ लागू होतं खरं, पण त्यांच्याकडून किरकोळ फेरबदलांचीच अपेक्षा असते. बाकी बराचसा शाळेच्या मर्जीचा मामला.

आमच्या एका स्नेह्यांना वाटत होतं की फी सरकारकडून परत मिळते. २००९ साली सुप्रीम कोर्टाने ऑरेगॉनच्या फॉरेस्ट ग्रोव्ह खटल्यात तसा मार्ग खुला ठेवला होता, आणि तो मुलगाही एडीएचडीचाच, हायस्कूलमधला. पण पुढे खालच्या कोर्टांनी त्याच्या आईवडिलांना फी नाकारलीच! तेव्हा त्या भरवशावर चेक फाडू नका.

मग आम्ही प्रायव्हेट का निवडली? आमचा मुलगा दंगा करणाऱ्यांतला नाही, खिडकीबाहेर बघणाऱ्यांतला आहे. मोठ्या शाळेत अशी मुलं कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणाला दिसतही नाहीत.

अर्जात एडीएचडी सांगायचं की लपवायचं? आपल्या लोकांत यावर कुजबुज फार. (आमच्या सासूबाईंचं निदान वेगळंच: ‘त्याचे बाबाही असेच होते, काही बिघडलं का?’) माझं मत स्पष्ट आहे, सांगा. एका नावाजलेल्या शाळेने हे ऐकल्यावर आम्हाला गोड शब्दांत दरवाजा दाखवला. वाईट वाटलं. पण फी भरून सप्टेंबरमध्ये कळण्यापेक्षा जानेवारीत कळलं ते बरंच झालं.

शाळा बघायला गेलं की रोबोटिक्सची लॅब दाखवतात, पोहण्याचा तलाव दाखवतात. मी आपली वही घेऊन विचारायचे: सगळे शिक्षक गृहपाठ एकाच पोर्टलवर टाकतात का? उशिरा दिलेल्या कामाचे किती मार्क कापता? कारण आमच्याकडे गृहपाठ झालेला असतो, पण तो दप्तरातच राहतो. ओळीने तीन दिवस काही जमा झालं नाही तर घरी फोन कोण करतं? नाव सांगा. ‘आम्ही सगळेच लक्ष ठेवतो’ असं उत्तर आलं की मी वही मिटायचे. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, हे मंडळाची कमिटी चालवलेल्यांना मी काय सांगणार!

परीक्षेत जादा वेळ, पुढच्या बाकावर जागा, जे कबूल करतील ते लेखी घ्या, आणि अॅडमिशनच्या करारावर सही करण्याआधी घ्या. करार बहुधा पूर्ण वर्षाच्या फीचा असतो. ऑक्टोबरमध्ये मुलाला काढलं तरी पैसे देणं लागतं. आणि तपासणीसाठी लगेच हजारो डॉलर खर्च करू नका. मूल प्रायव्हेट शाळेत असलं तरी पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टकडे लेखी मागणी करता येते, आणि त्यांनी केलेली तपासणी फुकट असते.

शेवटी मुलाला तिथे एक अख्खा दिवस बसवा, बऱ्याच शाळा तशी सोय करतात. आमचे चिरंजीव एका शाळेतून परत आले तेव्हा मी विचारलं, ‘काय आवडलं रे?’ म्हणाले, ‘सरांनी होमवर्क सांगितला आणि आम्ही लिहून घेईपर्यंत ते थांबले.’ तलावाचं नावही काढलं नाही. आम्ही तीच शाळा घेतली.

माझ्या प्रश्नांची यादी ज्यांना हवी असेल त्यांनी चहाच्या टेबलापाशी भेटा. प्रती करून आणल्या आहेत.