द्यूत, कायदा आणि व्यसन



सप्तव्यसनांच्या गणनेत द्यूताचे नाव प्रथम घेतले जाते. कारण इतर अनेक व्यसनांचे दार तेच उघडते. तथापि आज हा प्रश्न केवळ धर्माज्ञेपुरता उरलेला नाही. लोक जुगार खेळणारच, मग त्यास मान्यता देऊन शासनाने कर का घेऊ नये, असे अनेक सुशिक्षित विचारतात. या युक्तिवादाची हेटाळणी न करता त्याचा हिशेब मांडून पाहणे उचित ठरेल.

महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. तरीही मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर आकडे लावले जात. पुढे ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या जाऊ लागल्या आणि 'मटका' जन्मास आला. गिरणी कामगारांच्या कित्येक संसारांना त्याने ग्रासले. केवळ बंदीने जुगार संपत नाही, हे येथे मान्य करावे लागते.

परंतु मान्यतेने तरी काय साधले? मटक्यास आळा बसावा या हेतूने राज्य शासनाने १९६९ साली लॉटरी सुरू केली. मटका त्यानंतरही फोफावतच राहिला. गोव्यात १९९२ च्या कायदा दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रे आली. पुढे मांडवीतील जहाजांवर कॅसिनो थाटले गेले. महसूल व रोजगार वाढला. मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांनाच तेथे खेळण्यास मज्जाव झाला. जो माल स्वतःच्या लेकरांना वर्ज्य, तो पाहुण्याला विकणे कोणत्या नीतीत बसते?

व्यापारी दृष्टीनेही पाहावे. मटक्यात आकडे दहा आणि लागलेल्या आकड्यास सर्वसाधारणपणे नऊपट रक्कम. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावणाऱ्याचे शंभर जातात व नव्वद परत येतात. व्यापारातही जोखीम असते. पण तेथे घेणारा व देणारा दोघेही संतुष्ट होऊ शकतात. जुगारात एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानीच असते.

हरलेले परत मिळविण्यासाठी पुन्हा खेळणे, हा या व्यसनाचा गाभा. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याची विकार म्हणून नोंद आहे. पूर्वी अड्ड्यावर जाणारा चारचौघांस दिसे. मोबाइलवर खेळणारा शेजारी निजलेल्या पत्नीसही कळत नाही. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याचे सूत्र मोलाचे वाटते : पैसे लावून खेळण्याचा धंदा चालविणाऱ्यास शिक्षा, खेळणाऱ्यास नव्हे. धंद्यास बंदी आणि रुग्णास उपचार, हाच योग्य मार्ग होय.

यात समाजाचेही कर्तव्य आहे. प्रतिष्ठेच्या व सोयरिकीच्या भयाने मुलाचे कर्ज गुपचूप फेडणारे आई-वडील नकळत पुढील डावास भांडवलच पुरवितात. त्यांनी दोष न लपविता वैद्यकीय साहाय्य घ्यावे. शासनाची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा त्याचसाठी आहे. आणि भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या रात्री शकुनाच्या नावाखाली मांडला जाणारा तीन पत्तीचा डाव प्रत्येक घराने प्रथम मोडावा. सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एवढा एक नियम घेतला गेला, तरी पुढच्या पिढीस तो मोठा वारसा ठरेल.

जय जिनेंद्र!