शेवटचं ताट

(सोलापुरातील महिला मेळाव्यात एका अंगणवाडी सेविकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'घरातल्या सगळ्यांना आवडेल असं पौष्टिक जेवण' या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे. अंगणवाडीतली बाई म्हणजे चार पाककृती सांगेल, असं संयोजक मैत्रिणींना वाटलं असणार. एक पाककृती मी सांगणारच आहे. पण आधी माझ्याच घरची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात, म्हणजे पोषण महिन्यातच, आमच्या वस्तीत रक्ततपासणीचं शिबिर होतं. घरोघर जाऊन बायकांना मीच बोलावून आणलं. गर्दी सरल्यावर नर्स म्हणाली, "ताई, तुमचंही बोट द्या की." हिमोग्लोबिन निघालं साडेसात. बाईचं निदान बारा तरी हवं, हे तक्ता दाखवून अठरा वर्षं मीच सांगत आले होते!

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काल रात्री काय जेवलात?" मला आठवेना. बाकी सगळ्यांचं आठवत होतं. नवऱ्याला वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग हवा होता. सासूबाईंना साखरेचा त्रास, तिखटही सोसत नाही, म्हणून त्यांची भाजी वेगळी काढली होती. लेकीनं वांगं बघून नाक मुरडलं, तिला अंडं करून दिलं. धाकट्याला नूडल्स दिल्या. आणि मी? बऱ्याच वेळानं आठवलं. पातेल्याच्या बुडाला राहिलेलं कालवण, सकाळची अर्धी भाकरी आणि वर कपभर चहा. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, हेही मी दुसऱ्यांना शिकवतेच.

त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, 'सगळ्यांना आवडेल' म्हणताना त्या सगळ्यांत मी स्वतःला धरतच नव्हते.

हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षय असलेल्या निघाल्या. त्याच वयाचे पुरुष २५ टक्के. आपल्या महाराष्ट्रात बायकांचा आकडा ५४ टक्क्यांच्या वर आहे. पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण एकाच चुलीवर शिजलेलं अन्न खाणाऱ्या माणसांत एवढी तफावत का, हा प्रश्न आपण ताटापाशी बसूनच विचारायला हवा. आधी कोण जेवतं? घट्ट वरण कुणाच्या वाटीत जातं? आणि पातेलं खरवडायला कोण उरतं?

गंमत बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई कुटुंबप्रमुख ठरवली. कार्डावर आपण पहिल्या आणि पंगतीला शेवटच्या!

आता सोलापूरच्या ताटाकडे येऊ. आपली ज्वारी काही साधी नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शंभर ग्रॅम ज्वारीत चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. चोथाही तांदळाच्या तिपटीहून जास्त. तरी घराघरांतून भाकरी मागं का पडली? पोरांना ती गावंढळ वाटते हे एक. रेशनवर मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ, हे दुसरं. त्या कायद्यात भरडधान्यही आहे, पण ते आपल्या पिशवीत कितीदा पडतं? आणि तिसरं कारण आपण बोलत नाही. भाकरी एकेक थापावी लागते आणि घरच्यांना ती तव्यावरचीच लागते. 'गरम गरम वाढ' या तीन शब्दांनी बाईला चुलीपाशी बांधून ठेवलंय. सगळ्यांचं आटोपेपर्यंत तिला बसताच येत नाही.

मग वाट कशी काढायची? मी गोळ्या घेतल्या, ते आधी सांगते. साडेसात आलेलं नुसत्या पालेभाजीनं भरून येत नसतं, औषध लागतंच. पण गोळ्या संपल्यावर पुन्हा तेच ताट असेल तर पुन्हा तेच रक्त. म्हणून एका रविवारी मी घरात सांगितलं, उद्यापासून चार स्वयंपाक बंद. भांडं एकच. भाकरी आधी करून टोपल्यात ठेवणार आणि सगळ्यांबरोबर मीही बसणार. उरलेली भाकरी तव्यावर कडक करायची. कडक भाकरी आमटीत चुरून खाणारं गाव आहे आपलं, आपल्याला गार भाकरीचं काय वावडं?

नवरा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी हुलग्याचे शेंगोळे करायला घेतले. हीच माझी पाककृती. तीन वाट्या हुलग्याचं पीठ, वाटीभर ज्वारीचं. त्यात लसूण-जिरं वाटून, हळद, मीठ, बेताचं तिखट घालून घट्ट मळायचं. तेलाच्या हातानं बोटाएवढे शेंगोळे वळायचे. फोडणीच्या पाण्याला उकळी आली की त्यात सोडून चांगले शिजवायचे. रस्सा आपसूक दाटतो. वरून लिंबू पिळायचं, त्यानं लोह अंगी लागायला मदत होते. हुलग्यात शेकडा वीसच्या वर प्रथिनं आहेत. ज्याला झणझणीत हवं त्यानं ठेचा घ्यावा, पातेलं मात्र एकच.

पण शेंगोळे एकटीनं वळायचं काम नाही. पाच माणसांचे वळताना पाठ मोडते. मी परात मधोमध ठेवली आणि म्हटलं, ज्याला खायचे त्यानं वळायचे. पोरं आधी बसली. त्यांना ते नूडल्ससारखे वाटले, त्यात गंमत वाटली. नवरा म्हणाला, "घरात एवढ्या बायका असताना मी वळायचं?" तेव्हा सासूबाई बोलल्या. "तीस वर्षं विड्या वळल्या मी. त्यावर तू मोठा झालास. बस खाली." तो बसला. त्याचे शेंगोळे वेडेवाकडे झाले, पण शिजले सगळ्यांचे सारखेच.

त्या रात्री मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, तुम्हाला काय आवडतं?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नव्हतं गं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ताकातल्या कण्या." वीस वर्षं मी त्यांना वाढत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. आता आठवड्यातून एकदा आमच्याकडे कण्या होतात.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. नवरा अजून कधीमधी ताट सरकवतो. धाकट्याला महिन्यातून दोनदा नूडल्स लागतात, त्या तो आता स्वतः करतो. माझं हिमोग्लोबिन गेल्या तपासणीत अकराच्या वर आलं, बारा अजून गाठायचं आहे.

सरकारच्याच २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. या मिनिटांचा हिशोब न करता बाईला आणखी पौष्टिक, आणखी चविष्ट कर म्हणणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवणं. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणं घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा ते लाटणं सरकारला दाखवायचं होतं. आता ते घरात दुसऱ्याच्या हातात द्यायचं आहे.

म्हणून आपल्या गटांपुढे मी तीन गोष्टी ठेवते. रेशनवर ज्वारी नियमित मिळावी, ही मागणी आपण लावून धरू. प्रत्येक बैठकीला एकमेकींना विचारू, काल तू काय जेवलीस आणि कधी जेवलीस? आणि आज घरी गेल्यावर आपलं ताट सगळ्यांबरोबर मांडू.

दुपार झाली आहे, तुम्हालाही भूक लागली असेल. बाहेर भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी आहे. वाढणाऱ्या मैत्रिणींनाही पंगतीला बसवा, कुणीही मागं राहू नका. एवढं बोलून मी थांबते.