विहिरीची पाळी



स्वागत समितीच्या वतीने आपलं जालन्यात मनःपूर्वक स्वागत करतो. समर्थांच्या जांबपासून भोकरदन-जाफराबादपर्यंत, आठही तालुक्यांतून आपण शेतीची कामं बाजूला ठेवून आलात, याचा आनंद मोठा आहे.

मी कायद्याचा माणूस नाही, मोसंबीचा बागायतदार आहे. वडिलांच्या माघारी सामाईक विहिरीवरून आम्हा दोघा भावांत वाद पेटला. दादांनी दावा लावला, मीही वकील दिला. २०१२-१३च्या दुष्काळात लोक टँकरनं झाडं जगवत होते आणि आम्ही तारखेला वेगवेगळ्या एसटीनं जालन्याला येत होतो. दोघांच्याही बागा जळाल्या.

पुढे न्यायालयानं प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. मध्यस्थ बाईंनी कागद मिटून ठेवले आणि विचारलं, "आज मोटार कोणाची चालू आहे?" बंद तर दोघांचीही होती. त्यांनी आमचं आधी वेगवेगळं, मग एकत्र ऐकून घेतलं. चूक कोणाची, हे एकदाही सांगितलं नाही. तिसऱ्या बैठकीत आम्हीच ठरवलं: आठवड्यात चार दिवस दादांचे, तीन माझे, पुढच्या वर्षी उलट; वीजबिल निम्मं-निम्मं. सह्या झाल्या, न्यायालयानं तसाच हुकूमनामा केला.

विहीर कोणाची, हे निकाल सांगतो. पाळी मात्र रोज पाळावी लागते, आणि मनानं कबूल केलेलीच पाळली जाते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ नं २००२ पासून मध्यस्थीची ही वाट खुली केली. १५ ऑगस्ट २००७ ला आपल्या राज्यानं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. २०२३ मध्ये मध्यस्थी कायदा आला. मध्यस्थीत बोललेलं गुप्त राहतं. पटलं नाही तर कोर्टाचा दरवाजा उघडाच असतो. पण एक विनंती कळकळीनं करतो: गावच्या पारावर बाईवर, गरिबावर दडपण आणून घेतलेल्या सहीला समेट म्हणू नका. जिथं जिवाला धोका आहे, तिथं पोलीस आणि न्यायालयच हवं.

आज जेवणानंतर मोसंबी आहे. नव्यानं लावलेल्या झाडांची. निम्मी माझ्या बागेतली, निम्मी दादांच्या. गोड मानून घ्या.